मुंबई–गोवा क्रूझ: सहा जणांचं कुटुंब, पहिला दिवस कसा लावावा?

शेंगदाणा चटणी
नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबई–गोवा–मुंबई क्रूझचं बुकिंग झालंय. आम्ही दोघं, मुलं ४ आणि ९ वर्षांची, शिवाय आई-बाबा (६८ आणि ७४). बाबांचे गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. केबिनी दोन: एक आतली, एक खिडकीची. जहाज संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटतं. टर्मिनलवर पोचल्यापासून झोपेपर्यंत कशानंतर काय करायचं? सामान द्यावं की जवळ ठेवावं? बोट लागली तर काय? आणि ती सुरक्षा कवायत बाबांना टाळता येईल का?

लंगर
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कवायत कुणालाच टाळता येत नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकाला घासून कलंडलं, ३२ माणसं गेली. तेव्हाचा नियम होता, प्रवासी चढल्यापासून २४ तासांत कवायत घ्या. त्यामुळे त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची कवायत झालेलीच नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: जहाज सुटण्याआधी, नाहीतर सुटल्या सुटल्या लगेच.

बाबांबद्दल चढतानाच रिसेप्शनवर सांगा. मदत लागणाऱ्यांची वेगळी यादी असते, तीत नाव गेलं की खऱ्या प्रसंगी त्यांच्यासाठी माणूस येतो. हे सांगायचं राहून जातं, कारण 'लिफ्ट आहे की' असं सगळे धरून चालतात. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते.

सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा नऊ वर्षांच्या मुलाला पाठ करून घेता येतो. तो झाला की जिथे जमायचं त्या जागेचं अक्षर तुमच्या केबिनीच्या कार्डावर आणि केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला असतं. केबिनी दोन असल्या की अक्षरंही दोन निघू शकतात. वेगळी असली तर मुलांनी कुणाबरोबर जायचं ते तेव्हाच ठरवा. आणि चार वर्षांच्या मुलासाठी लहान मापाचं लाइफ जॅकेट स्टुअर्डकडून (केबिन सांभाळणारा कर्मचारी) मागून घ्या. कपाटातली मोठ्यांची असतात.

बॅलार्ड पिअर
टॅक्सीवाल्याला 'बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट' असं सांगा. नुसतं 'गोव्याची बोट' म्हणालात तर भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडेल. ते माझगावला, तिथून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी फेरीबोट) सुटते. लोकलने आलात तर सीएसएमटीला उतरून टॅक्सी करा. आई-बाबा आणि सामान असताना चालत जाण्यात अर्थ नाही.

वेब चेक-इन घरूनच करा, सहाही जणांचं. मूळ ओळखपत्रं एका पाकिटात, मुलांची आधार कार्डंसुद्धा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. बोर्डिंग पासवर वेळ असते. तिच्या तासभर आधी जाऊन फायदा नाही, रांगेत बाबांना उभं राहावं लागेल. व्हीलचेअर आधी सांगून ठेवा.

सामान: दोन रात्रींसाठी केबिन बॅगेच्या मापाच्या बॅगा असतील तर द्यायच्या भानगडीत पडूच नका, ओढत न्या. द्यायच्याच असतील तर टॅगची घडी घालून बॅगेच्या मुठीभोवती गुंडाळा, दोन जागी स्टेपल मारा, वर पारदर्शक चिकटपट्टी. नुसता चिकटवलेला टॅग बॅगा एकमेकींवर रचताना फाटतो आणि मग बॅग कुणाची ते कळत नाही. दिलेली बॅग दारात यायला चार-पाच तास सहज लागतात. बॅगेत इस्त्री, किटली, दारू किंवा सर्ज प्रोटेक्टरवाला (विजेचा दाब अचानक वाढला तर तो अडवणारा) एक्स्टेन्शन बोर्ड निघाला तर ती येतच नाही, सुरक्षावाल्यांकडे अडकून पडते. (सर्ज प्रोटेक्टरला बंदी का? जहाजाची वायरिंग घरासारखी अर्थिंगला जोडलेली नसते, त्यात तो तापून पेटू शकतो.)

म्हणून हातातल्या पिशवीत बाबांच्या सगळ्या दिवसांच्या गोळ्या, मुलांचे पोहण्याचे कपडे, चार्जर, एकेक जोड.

आलेपाक
बोट लागण्याबद्दल. ॲव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, उलटीबरोबर तीच बाहेर पडते. आधी एक-दोन तास घ्यायची. झोप येते. बाबांना आणि चार वर्षांच्या मुलाला देण्याआधी डॉक्टरांना विचाराच: म्हाताऱ्या माणसांना तिने गरगरतं, प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर आणखी जपायचं. उपाशी राहू नका, तुडुंब जेवूही नका. जहाज सर्वात कमी हलतं ते मधोमध आणि खालच्या डेकवर. आतल्या केबिनीत मळमळलं तर उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. पडून मोबाइल बघणं सर्वात वाईट. जानेवारीत समुद्र बहुतेक शांतच असतो, तेव्हा आधीच धास्ती नको.

मोबाइल: किनारा सुटायच्या आत एअरप्लेन मोड. किनाऱ्याचं नेटवर्क गेलं की फोन जहाजाचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क पकडतो (पडद्यावर अनोळखी नाव, कधी ९०१ ने सुरू होणारा आकडा) आणि रोमिंगचं बिल चढतं. वाय-फाय पॅक हवा तर धक्क्यावरच विकत घ्या, कारण समुद्रात ओटीपी येत नाही. जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला बँकेचं कार्ड जोडणंही तेव्हाच उरका.

शेंगदाणा चटणी
खूप उपयोगी. जेवण आधी की केबिन? आणि केबिनींची वाटणी कशी करू?

लंगर
आधी जेवण. केबिनी तयार व्हायला वेळ लागतो आणि चढणारा प्रत्येक जण बुफेकडे धावतो. खालचं डायनिंग उघडं असेल तर तिथे जा, बाबांना ताट घेऊन हिंडावं लागणार नाही. जैन किंवा बिनतिखट हवं तर पहिल्याच जेवणात वाढप्याला सांगा.

खिडकीची केबिन आई-बाबांना. आतल्या केबिनीत दिवे मालवले की भरदुपारीही हात दिसत नाही, म्हणून तुमच्यासाठी छोटा नाइट लॅम्प न्या. भिंतीतून खाली येणाऱ्या वरच्या बर्थवर मोठं मूल, धाकटं खालीच. न्हाणीच्या दारात चांगला उंच उंबरा असतो, रात्री बाबांचा पाय तिथेच अडखळेल. पहिल्याच संध्याकाळी त्यावर पांढरी चिकटपट्टी लावा. दारं जड आणि आपोआप मिटणारी, तेव्हा मुलांनी चौकटीला हात लावायचा नाही. संडास व्हॅक्यूमचा, आवाजाने मुलं दचकतात. त्यात वेट वाइप्स टाकू नका, एका केबिनीने तुंबवला तर शेजारच्या रांगेलाही भोगावं लागतं.

बॅलार्ड पिअर
सुटताना उजव्या बाजूला उभे राहा. जहाज दक्षिणेकडे निघतं, म्हणून गेटवे, कुलाबा आणि मावळता सूर्य सगळं त्याच बाजूला. कुलाब्याच्या टोकापुढे प्रॉन्ग्ज दीपगृह. मग अंधार पडला की डावीकडे जा, अलिबागच्या बाजूला खांदेरीचा दिवा उघडझाप करताना दिसतो. वरच्या डेकवर वारा बोचरा असतो आणि स्वेटर नेमके दिलेल्या बॅगेत गेलेले असतात. तेही हातातल्या पिशवीत टाका.