‘व्याज सोडणे’, ‘व्याजमाफी’ आणि ‘निर्लेखन’: आयकराच्या दृष्टीने फरक

विचारणा: व्यापारी पद्धतीने (म्हणजे पैसे हाती येण्याची वाट न पाहता, हक्क जडताच उत्पन्नाची नोंद करून) हिशेब ठेवणाऱ्या एका कंपनीने, अडचणीत आलेल्या उपकंपनीकडून कर्जावरचे व्याज घ्यायचे नाही असे मान्य केले आहे. अहवालात ‘व्याज सोडले’, ‘व्याजमाफी दिली’ की ‘व्याज निर्लेखित केले’ असे लिहावे? तिन्हींचा अर्थ एकच नव्हे काय?

उत्तर: बोलण्यात एकच; करआकारणीत मात्र नाही. येथे कळीचा शब्द ‘उपार्जित’ हा आहे, आणि मराठीत ‘उपार्जन’ म्हणजे कमाई असा अर्थ रुळलेला असल्यामुळे तो अनेकांना चकवतो. कायद्याच्या भाषेत उपार्जित व्याज म्हणजे हाती आलेले व्याज नव्हे, तर जे मागण्याचा हक्क जडला आहे असे व्याज. हा हक्क जडण्यापूर्वीच करार बदलून व्याज बंद केले असेल, तर त्याला ‘व्याज न आकारणे’ म्हणावे, कारण तेथे करपात्र उत्पन्न जन्मालाच येत नाही. हक्क जडल्यानंतर दिलेली सूट ही ‘व्याजमाफी’ होय. ती उत्पन्नाचा केलेला विनियोग, म्हणजे मिळवलेल्या उत्पन्नाची नंतर लावलेली विल्हेवाट, ठरते आणि केवळ तिच्यामुळे कर टळत नाही. मोरवी इंडस्ट्रीज खटल्यात (1971) वर्षअखेरीस उपार्जित झालेले व्यवस्थापकीय कमिशन नंतर सोडून दिले, तरी सर्वोच्च न्यायालयाने ते करपात्रच ठरवले. ‘निर्लेखन’ ही तर येणे रक्कम हिशेबातून काढून टाकणारी निव्वळ वहीतली नोंद असून तिने ऋणको मोकळा होत नाही. बुडीत कर्जाची वजावट मात्र तिच्या आधारे, आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 36 मधील अटींच्या अधीन राहून, मागता येते.

शंका: शूरजी वल्लभदास खटल्यात (1962) तर वहीत जमा केलेले कमिशनही करपात्र ठरले नव्हते. मग हक्क जडण्याच्या दिनांकावर एवढा भर कशासाठी?

उत्तर: दिनांकामुळेच. तेथे हिशेबाचे वर्ष संपण्याआधीच मूळ करार बदलून कमिशनचा दर कमी झाला होता, त्यामुळे वहीतली मोठी रक्कम म्हणजे न घडलेल्या उत्पन्नाची नोंद ठरली. वसुली अवघड आहे एवढे कारणही पुरत नाही: स्टेट बँक ऑफ त्रावणकोरच्या खटल्यात (1986) संशयित कर्जांवरचे, निलंबित खात्यात (उत्पन्नात न धरता तात्पुरत्या वेगळ्या खात्यात) टाकलेले व्याज दोन विरुद्ध एक अशा मताने करपात्र ठरले. बँकांना पुढे युको बँक निकालाने (1999) दिलासा मिळाला, पण तो केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1984 च्या परिपत्रकाच्या बळावर. साध्या कंपनीने त्यावर विसंबणे मला धाडसाचे वाटते.

म्हणून ‘व्याज सोडले’ असे मोघम न लिहिता, ‘अमुक दिनांकाच्या करारान्वये त्या दिनांकापासून व्याज आकारले जाणार नाही’ असे लिहावे, आणि त्याआधीच्या काळातील व्याज ‘माफ केलेले उपार्जित व्याज’ म्हणून वेगळे दाखवावे. उपकंपनीने ते व्याज पूर्वी खर्च म्हणून वजा केले असेल, तर माफीची रक्कम त्याच अधिनियमाच्या कलम 41(1) नुसार तिचे उत्पन्न ठरते, हेही तिच्या हिशेबनिसाला कळवावे.