टाइल्सच्या सांध्यांतला काळा मळ ॲसिडशिवाय कसा काढावा?

नमस्कार. आमचा पुण्यातला फ्लॅट सात वर्षं जुना. स्वयंपाकघरात दोन बाय दोनच्या फिकट व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. टाइल्स रोज पुसून लख्ख असतात, पण मधले पांढरे सांधे ओट्यासमोर काळेकुट्ट झालेत. नखाने खरवडलं की मेणचट काळं निघतं आणि खाली पांढरं दिसतं. म्हणजे ग्राउट (सांध्यांत भरलेला मसाला) शाबूत आहे, वर मळ बसलाय.

मुलगी नऊ महिन्यांची आहे, नुकती रांगायला लागलीय. फरशीवरचा हात थेट तोंडात! त्यामुळे आता अगदी राहवत नाही.

रोज फिनाइलच्या पाण्याने पुसतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून पाहिलं. फेस भरपूर, मळ तसाच. गेल्या वर्षी सफाईवाल्याने बाथरूममध्ये ॲसिड ओतलं होतं. सांधे पांढरे झाले, पण पुढे भुसभुशीत होऊन मधे मधे खड्डे पडले. स्वयंपाकघरात ते नकोच. काय करू?

प्रतिसाद १:
ग्राउट सिमेंटचं असतं, ॲसिड मळासोबत सिमेंटही खातं. व्हिनेगरही आम्लच. सोड्यात मिसळलं की दोन्ही एकमेकांचा जोर मोडतात, म्हणून नुसता फेस येतो. ओट्यासमोरचा मळ फोडणीच्या तेलाचा, त्याला नुसता सोडा द्या. खायच्या सोड्यात थोडंसं पाणी घालून दाट लेप करा, सांध्यांत भरा, पंधरा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा. तारेची घासणी नको. सुटलेलं काळं पाणी लगेच फडक्याने टिपा, नाहीतर तिथेच वाळून पुन्हा सांध्यात बसतं. एका वेळी चार-पाचच टाइल्स घ्या. एवढ्यानं नाही निघालं तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा. तो कडक असतो, हातमोजे घाला, बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या.

आणि ब्लीच वापरणार असाल तर ॲसिडशी त्याचा संबंध येऊ देऊ नका. दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

प्रतिसाद २:
पुसायचं पाणी कितीदा बदलता? सांधे टाइलपेक्षा जरा खोल असतात, गढूळ पाणी तिथेच साचतं. स्वयंपाकघरासाठी बादली वेगळी, ताज्या पाण्याची घ्या. फिनाइलही कमी करा, जास्त झालं की चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री गॅससमोरच्या चार सांध्यांवर सोड्याचा लेप लावला. पहिल्यांदा पाणी चहासारखं निघालं, तिसऱ्यांदा जवळजवळ स्वच्छ. सांधे दुधासारखे नाही, पण पांढरे झालेत! आजपासून बादलीही वेगळी.

आता बाथरूमचं सांगा. भुसभुशीत ग्राउट खरवडून एपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट) भरलं तर पाणी मुरणार नाही ना? कुणी राहत्या घरात हे काम करून घेतलंय का? बाथरूम किती दिवस बंद ठेवावी लागली?