उत्सुशि-ए म्हणजे सिनेमाची 'आधीची पायरी'? मला नाही पटत

पडद्यामागून
सिनेमाच्या इतिहासात जपानच्या उत्सुशि-एला, म्हणजे कंदिलाने पडद्यावर चित्रं पाडून गोष्ट सांगण्याच्या खेळाला, एका ओळीत 'सिनेमापूर्व प्रकार' म्हणून उरकून टाकतात, आणि हा सरळसरळ अन्याय आहे. १८०३ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, कामेया तोराकूने याचे खेळ सुरू केले. मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचं चित्र उजेडाने पडद्यावर पाडणारा कंदील, आला युरोपातून, पण जपानी कारागिरांनी तो किरीच्या हलक्या लाकडाचा केला, त्यामुळे माणूस तो हातात धरून फिरू शकायचा. कागदी पडद्यामागे बरेच जण, प्रत्येकाच्या कंदिलात वेगळं पात्र. पात्र मोठं दिसायला हवं तर कंदीलवाला पडद्यापासून लांब जाणार. काचेवर आकृतीभोवती सगळं काळं रंगवलेलं, त्यामुळे चौकट दिसतच नाही, आणि काचेची पट्टी झटकन सरकवली की खाली असलेला हात वर गेलेला दिसतो. जोडीला शामिसेन हे तारांचं वाद्य आणि कथन. ही रंगभूमीच आहे हो, बाहुल्यांच्या खेळाच्या जवळची.

चौकस
वर्णन छान, पण निष्कर्ष मान्य नाही. पडद्यामागून चित्र पाडणं, कंदील पुढेमागे नेऊन भुतं लहानमोठी करणं, हे भुताखेतांचे कंदीलखेळ करणारा रॉबर्टसन १७९० च्या दशकात पॅरिसला करतच होता, चाकांच्या गाड्यावरून. मग फक्त जपानचं तेवढं वेगळं कसं? अंधार, पडदा, हलणारं चित्र आणि तिकीट काढून बसलेले लोक, सिनेमाला अजून काय लागतं?

पडद्यामागून
रॉबर्टसनचा मुद्दा बरोबर आहे पण चाकांवरचा एक जड कंदील कुठे आणि एकमेकांचा अंदाज घेत अंधारात हालचाल करणारे, हातात पेटता दिवा धरलेले कलाकार कुठे! उत्सुशि-एत चूक झाली तर दोन पात्रं एकमेकांवर चढणार. सिनेमात यंत्र जागेवर असतं आणि खेळ आधीच रिळात बंद झालेला असतो, इथे तो रोज नव्याने घडायचा.

जुनी_काच
पण बेन्शींचं काय? १८९७ मध्ये सिनेमाटोग्राफ, म्हणजे सिनेमा दाखवायचं यंत्र, जपानात आला आणि मूकपटांशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी पार १९३० च्या दशकापर्यंत टिकले. चित्र दाखवायचं आणि कुणीतरी ते बोलून रंगवायचं ही प्रेक्षकांची सवय आधीपासूनचीच, मग नातं नाही कसं म्हणता?

पडद्यामागून
नातं आहेच, पण कथनाचं, आणि ते जोरुरीपासून, म्हणजे बाहुल्यांच्या खेळातल्या गायन-कथनापासून, चालत आलंय. सिनेमापर्यंतचा सलग धागाच बघायचा तर मधल्या गेन्तोकडे, म्हणजे नंतरच्या कंदीलखेळांकडे, बघा. मेइजी काळात (१८६८-१९१२) पाश्चात्त्य पद्धतीचे कंदील आले, सरकारने ते शिक्षणासाठी वापरले, १८९४-९५ च्या चीनबरोबरच्या युद्धाची चित्रंही त्यावर दाखवली गेली. तिथे कंदील पुन्हा जागेवर बसला. सिनेमाची पायरी म्हणायचीच तर गेन्तोला म्हणा, माझी हरकत नाही.