लहान गोल टेबल: मूळचंच की दोन टेबलं जोडून केलेलं? ओळख आणि किंमत ठरवायला मदत हवी आहे

नमस्कार,

आजी गेल्यानंतर तिचं छोटं गोल टेबल माझ्याकडे आलं. तिच्या खुर्चीला लागूनच असायचं ते. चष्मा, औषधं, वाचायला घेतलेलं पुस्तक, सगळं त्यावर. बहिणीला आणि मला, दोघींनाही ते हवं होतं. शेवटी मी ठेवायचं आणि निम्मी किंमत तिला द्यायची असं ठरलं. पण किंमत कशाच्या आधारावर धरायची, तिथे आम्ही अडलो आहोत. कमी धरून तिच्यावर अन्याय व्हायला नको. "हे फार जुनं आहे," एवढंच आजी म्हणायची. कागदपत्र काही नाही.

जे दिसतं ते सांगते. उंची ६८ सेंमी, मध्ये कातलेला खांब, खाली तीन वाकदार पाय. वरची फळी अखंड लाकडाची असावी, कारण वर एक गाठ आहे आणि बरोबर त्याच जागी ती खालूनही दिसते. फळी गोल वाटते, पण मोजली तर लाकडाच्या रेषांच्या दिशेने ४६ सेंमी आणि आडवी ४५.४ सेंमी भरते. कडेला केसासारखा बारीक तडा आहे. पाय खांबात डव्हटेल सांध्याने (टोकाकडे पसरट होणारी जीभ खाचेत बसते तो) खालून सरकवलेत. दोन सांध्यांत पिवळसर, काचेसारखा तडकलेला सरस आहे, तिसऱ्यात मात्र पांढरा गोंद.

खरी काळजी फळीच्या खालच्या बाजूची आहे. खांबाच्या डोक्यावर एक आयताकृती ठोकळा आहे आणि तो चार स्क्रूंनी फळीला धरलाय. तीन स्क्रू सरळ खाचेचे (खाच नेमकी मधोमध नाही), चौथा स्टार स्क्रू. आणि ठोकळ्याबाहेर फळीत दोन रिकामी भोकं आहेत, ज्यांचा कशाशीच संबंध लागत नाही. म्हणजे फळी एका टेबलाची आणि पाय दुसऱ्याचे असं तर नाही ना?

शिवाय एका ओळखीच्यांनी लालसर रंगावरून "महोगनी" सांगितलं. वरचं पॉलिश डागाळलंय, ते काढून नवं करून घेऊ का?

प्रतिसाद १

पॉलिशला आधी हात लावू नका, कृपा करून! किंमत ठरायच्या आधी जुना पृष्ठभाग खरवडला तर तो परत आणता येत नाही. पायाच्या आतल्या बाजूला, कुठे दिसणार नाही अशा जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावून बघा. चिकट होऊन विरघळलं तर लाखेचं पॉलिश असण्याची शक्यता जास्त.

मापातला फरक चांगली खूण आहे. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं, म्हणून जुनी गोल फळी किंचित लांबट होते. स्टार स्क्रू, म्हणजे फिलिप्स स्क्रू, त्यांच्या पेटंटनंतरचे, १९३० च्या दशकाच्या मध्यापासूनचे. पण त्यावरून फक्त दुरुस्ती केव्हाच्या आधीची नाही तेवढं कळतं, टेबलाचं वय नाही. सरळ खाचेचा एक स्क्रू सोडवून टोक बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टोकं बोथटच असत. जुने स्क्रू पुन्हा वापरलेही जातात, तेव्हा एकट्या स्क्रूवर निकाल देऊ नका.

रंगावरून लाकूड ओळखू नका. रंग चढवता येतो. आडव्या छेदाची जागा शोधून दहापट भिंगातून सूक्ष्म छिद्रांची रचना बघावी लागते.

प्रतिसाद २

ठोकळ्याचा आणि त्याच्या चारही भोकांचा कागदावर छाप घ्या. तो कागद फळीखाली फिरवून बघा, रिकामी भोकं कुठे जुळतात का. टॉर्च तिरका धरा, जुन्या ठोकळ्याची फिकट किंवा गडद सावली लाकडावर उमटलेली असते.

धागाकर्ती

कागद चौथाई फिरवला आणि दोन्ही भोकं जुळली! उरलेल्या दोन ठिकाणी नखाने खरवडलं तर लांबी (पुट्टी) भरलेली निघाली, तीही भोकंच. आणि तिरक्या उजेडात त्याच मापाचा आयत अगदी स्पष्ट दिसला. म्हणजे हाच ठोकळा पूर्वी रेषांना आडवा होता आणि कोणीतरी काढून फिरवून बसवला. स्पिरिटने पॉलिशही विरघळलं. स्क्रू मात्र मी सोडवला नाही, हात धजावला नाही.

प्रतिसाद २

मग तडा का गेला तेही कळलं. आडव्या ठोकळ्याने फळीला आकसू दिलं नाही. फळी आणि पाय एकमेकांचेच, हे आता मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणेन.

प्रतिसाद ३

मूल्यांकन करणाऱ्याला कारण आधी सांगा. विम्यासाठीचा आकडा तसंच दुसरं विकत घ्यायला काय पडेल त्याचा असतो, म्हणून बहुधा सगळ्यात मोठा. व्यापारी देईल तो सगळ्यात लहान. वाटणीसाठी खुल्या बाजारातली रास्त किंमत मागा. फी ठरावीक असावी, किमतीच्या टक्केवारीत नको, आणि टेबल विकत घ्यायला उत्सुक असलेल्याकडून किंमत करून घेऊ नका. स्वतः तुलना करायची तर लिलावात प्रत्यक्ष मिळालेले आकडे धरा, जाहिरातीत मागितलेले नकोत. बदललेला गोंद, फिरवलेला ठोकळा, तडा, सगळं लेखी द्या.

धागाकर्ती

हा धागा बहिणीला पाठवला. मूल्यांकनाच्या दिवशी ती येणार आहे, कागदाचा छाप घेऊन दोघी सोबतच बसू. तोपर्यंत टेबल जसं आहे तसंच, पुसायलाही फक्त कोरडं फडकं.