आधी पाढे की आधी चित्रालेख?

घरचा_अभ्यास: लेक चौथीत. काल चित्रालेख होता, कोण शाळेत कसं येतं त्याचा. प्रमाण १ चित्र = ८ मुलं, सायकलपुढे साडेतीन चित्रं. बाईसाहेबांनी बिनधास्त लिहिलं, साडेतीन मुलं! आठचा पाढा घडाघडा येतो तिला, पण तोच इथे वापरायचा हे डोक्यातच नाही. मला वाटतं पाढे घोकायच्या आधी असली चित्रंच द्यावीत, गुणाकार कशाशी खातात ते तरी कळेल.

जुनी_पाटी: उलटं आहे हो. पाढा येतो म्हणून तर तुम्ही सांगितल्यावर मिनिटात दुरुस्त केलं असेल तिने. ज्याला येत नाही तो बोटांवर मोजत बसतो नि तोवर प्रश्न काय होता हेच विसरतो. आमच्या आजीला औटकी पाठ होती, म्हणजे साडेतीनचा पाढा, आठाला अठ्ठावीस हे तोंडात तयारच. चित्रबित्र काही नाही.

घरचा_अभ्यास: आजीला ती बाजारात लागायची म्हणून राहिली लक्षात. आमच्या पोरीला कुठे लागते?

खडू_फळा: मी पाचवीला शिकवते. तयार चित्रालेख वाचायला देऊन फार काही होत नाही, प्रमाण वर लिहिलेलं असतं, मुलं बघतच नाहीत. मी त्यांनाच काढायला लावते. समजा १२ चालत, १८ सायकलवर, ६ एसटीने. एक चित्र किती जणांचं? ४ धरलं तर साडेचार नि दीड चित्रं येतात, ५ धरलं तर माणसाचे तुकडेच करावे लागतात (जाम हसतात). मग कोणीतरी ओरडतं, बाई ६ घ्या, २, ३, १! पण हो, पाढा न येणारी पोरं २ धरून नऊ नऊ सायकली काढत बसतात आणि तास संपतो.

जुनी_पाटी: बघा! शेवटी पाढाच नडला ना.

खडू_फळा: नडला. पण हात दुखल्यावर तोच पोरगा विचारतो, बाई मोठा आकडा कसा धरायचा. तेव्हा शिकलेला पाढा टिकतो, नुसता घोकलेला मे महिन्याच्या सुट्टीत धुऊन जातो.

जुनी_पाटी: आणि ४० पोरांचे हात दुखेपर्यंत थांबणार? रोज दहा मिनिटं पाढे म्हटले तर बिघडलं काय?

घरचा_अभ्यास: म्हणतात की. सेमी इंग्लिश आहे, ‘एट थ्री जा ट्वेंटीफोर’. ‘जा’ म्हणजे काय विचारलं तर म्हणे, तसंच म्हणतात.

जुनी_पाटी: मग ‘आठ त्रिक चोवीस’मधलं त्रिक तुम्हाला कोणी समजावलं होतं? आला ना तरी पाढा?