टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) बदलायचाय, रेगा की ऑडिओ-टेक्निका?

शहापूरकर: आजोबांच्या कुमार गंधर्वांच्या रेकॉर्डी आहेत (आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचेच की ते!), थोड्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) पण हाईत. सध्याचा प्लेअर स्वस्तातला, सूर हलतोय. रेगा प्लॅनर १ घेऊ की ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स?

खानापूरकर: दादा, ७८ असतील तर रेगा नको, त्यात ३३ आणि ४५ च आहे, स्पीड बदलायला पट्टा हातानं सरकवायचा. १२०एक्स डायरेक्ट ड्राइव्ह (पट्टा नाही, मोटर थेट तबकडी फिरवते), तिन्ही स्पीड, आत प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा) पण आहे. फक्त ७८ ला जाड सुई वेगळी घ्या, एलपीची (३३ च्या रेकॉर्डची) सुई त्या रुंद खाचेत नीट बसत नाही ओ, खरखर येते.

निपाणीकर: आणि पहिल्यांदा रेकॉर्डी धुवून घ्या की, आपल्याकडच्या पावसात बुरशी धरते, माझ्या वडिलांच्या कितीतरी तशाच गेल्या, अजून जीव तुटतो.

शहापूरकर: मग १२०एक्सच. दोघांचे आभार.