माउस आणि वॉचमेन झालं, आता पुढे कुठली कॉमिक सिरीज धरू?

रावपुऱ्यातला_वाचक

नमस्कार मंडळी, बडोद्यातलाच आहे. लहानपणी टिंकल, अमर चित्रकथा आणि काकांच्या ट्रंकेतले इंद्रजाल कॉमिक्सवाले वेताळ (फँटम) एवढंच वाचलेलं, मग नोकरीबिकरीच्या नादात कॉमिक्स सुटलंच. यंदा ऑफिसातल्या एका फाइन आर्ट्सवाल्या मुलीने स्पिगलमनचं माउस हातात दिलं. ज्यू म्हणजे उंदीर आणि जर्मन म्हणजे मांजरं, एवढं ऐकून वाटलेलं की काहीतरी पोरकट असणार, पण तो म्हातारा बाप व्यायामाची सायकल मारत मारत पोराला पोलंडच्या गोष्टी सांगतो, मध्येच औषधाच्या गोळ्या मोजायला बसतो, मोजताना पोराने बोलायला लावलं की चिडतो, आणि ह्या सगळ्या कटकटीतून हळूहळू ऑशविट्झ येतं... मग रात्री झोप कसली येतेय.

त्यानंतर वॉचमेन वाचलं. भारी आहे ह्यात वादच नाही, पण पानापानावर ते नऊ-नऊ चौकोन आणि प्रत्येक चौकोनात मागे पोस्टर, पेपरची हेडलाइन, भिंतीवरचं काहीतरी, सगळं बघत बसायचं म्हणजे डोकं शिणतं हो.

आता पुढे काय ते ठरत नाहीये. सँडमनचं नाव सगळे घेतात पण ते ७५ अंकांचं प्रकरण आहे, कोणी सागा म्हणतं, भाचा म्हणतो मामा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाच. वाचायला मिळतं ते रात्री दहानंतर, पडून. बजेट बेताचंच, आणि कपाटात जागा नाही हे घरून रोज ऐकतोय. मुलगी पाचवीत आहे, ती मागून डोकावत असते, तेव्हा तिलाही चालेल असं एखादं असलं तर बघा. इंग्रजी चालेल.

मांजलपूरची_मुक्ता

दादा, सगळ्यात आधी एक बघायचं, सिरीज संपलीये का नाही. सागा २०१२ला सुरू झाली, २०१८मध्ये ५४व्या अंकाला अगदी नको तिथे आणून थांबवली आणि परत आली थेट २०२२ला, आणि अजून चालूच आहे. मी तेव्हापासून नवी चालू सिरीज घेतच नाही, कुणाला एवढा धीर आहे. शिवाय सागा मुलीसमोर उघडू नका, पहिल्याच पानावर बाळंतपण आहे आणि पुढे बरंच काही आहे.

सँडमन संपलेली आहे, पण सुरुवातीचे अंक भयकथेच्या वळणाचे आहेत आणि लेखक अजून चाचपडतोय हे सरळ दिसतं. आठव्या अंकात मृत्यू ही सँडमनची बहीण येते, साधी काळ्या कपड्यातली हसरी मुलगी, आणि दोघं दिवसभर नुसते फिरतात, ती एकेकाला घेऊन जात राहते. तो अंक वाचून काही वाटलं नाही तर खुशाल सोडून द्या, पुढचे ६७ वाचून मत बदलणार नाही.

मुलीसाठी डोळे मिटून बोन घ्या, जेफ स्मिथचं. १९९१ ते २००४, ५५ अंक, गोष्ट पूर्ण संपते. तीन गोलमटोल चुलतभाऊ गावातून हाकलले जाऊन एका खोऱ्यात येऊन पडतात, सुरुवातीला नुसती धमाल, गायींची शर्यत वगैरे, आणि मग कधी गंभीर होतं कळतच नाही. सगळी गोष्ट एकाच ठोकळ्यात ब्लॅक अँड व्हाइट मिळते पण तो १३०० पानांच्या वर आहे, पडून वाचाल तर नाकावर आपटेल. रंगीत ९ भाग सुटे मिळतात, ते एकेक करून घ्या.

उजवीकडून_डावीकडे

भाचा बरोबर सांगतोय मामा 😄

तुम्हाला वॉचमेनमध्ये दमायला झालं ना, मग मांगाच वाचा. तिकडे पान भरायची घाई नसते. नुसता जिना, नुसती खिडकी, कोणीतरी वळून बघतंय, अशी दोन पानं एक शब्द न बोलता जातात, तुम्ही भराभर उलटता आणि अर्ध्या तासात अख्खा भाग संपलेला असतो. रात्री दहानंतर वाचणाऱ्याला ह्याच्याइतकं सोयीचं काही नाही.

उरासावाचं मॉन्स्टर धरा. जर्मनीत ड्युसलडॉर्फला एक जपानी मेंदूचा सर्जन आहे, डॉक्टर टेन्मा. हॉस्पिटलवाले सांगतात की मेयर आलेत, त्यांचं ऑपरेशन कर, आणि हा म्हणतो डोक्यात गोळी लागलेला हा पोरगा आधी आलाय, आधी त्याचं. पोरगा वाचतो, आणि वर्षांनंतर कळतं की आपण कोणाला वाचवलंय. पुढे सगळा पाठलाग. सुपरहिरो नाही, जादू नाही, नुसती माणसं, आणि एखाद्या भागात तर असा कोणीतरी खानावळवाला नाहीतर रिटायर झालेला पोलीस येतो की मुख्य गोष्ट बाजूला ठेवून त्याचंच वाचत बसावंसं वाटतं. १८ भाग, पूर्ण.

थोडं शांत हवं असेल तर तेझुकाचं बुद्ध, इंग्रजीत ८ भाग, हार्परकॉलिन्स इंडियाने इथेही काढलेलं आहे. पहिल्या भागात सिद्धार्थ जवळजवळ नाहीच, चाप्रा नावाच्या एका गुलाम पोराची गोष्ट चालते, आणि मधूनच लेखक असे फालतू जोक मारतो की आपल्याकडे असं कोणी काढलं असतं तर मोर्चेच निघाले असते.

आणि टॅबवर वाचणार असाल तर ॲपमध्ये दिशा उजवीकडून डावीकडे करून घ्या, आणि जोडपान आलं की टॅब आडवा धरा, नाहीतर चित्र मधोमध कापलं जातं आणि कोणी कोणाला मारलं तेच समजत नाही.

वेताळभक्त६४

ती ट्रंक कुठे आहे हो? रद्दीत घालू नका म्हणजे मिळवलं. इंद्रजाल १९६४ला सुरू झालं आणि १९९०ला बंद पडलं, त्यातले मराठी अंक आता शोधून सापडत नाहीत. मूळ इंग्रजीत वेताळाचा देश बंगाला होता, आपल्याकडे बंगालशी गोंधळ नको म्हणून त्याचं डेंकाली करून टाकलं, आणि आम्ही पोरं ॲटलासमध्ये डेंकाली शोधायचो. बहादूर वाचलाय का? १९७६ला आबिद सुरतींनी आणलेला, कुर्ता आणि जीन्स घालणारा आपला हिरो, डाकूंशी लढणारा. आणि नागराजचे सुरुवातीचे अंक आपल्या प्रताप मुळीकांनी काढलेत, अमर चित्रकथेवाले मुळीक तेच, रेषा बघितली की लगेच ओळखू येते. हे सगळं सोडून लोक जर्मनीतले डॉक्टर शोधत बसतात.

मांजलपूरची_मुक्ता

काका, त्यांनी पुढे काय वाचू विचारलंय, मागे काय वाचलं ते नाही 😅 आणि बहादूरचे अंक आणायचे कुठून, तुम्ही देणार का?

वेताळभक्त६४

घरी येऊन वाचायचं असेल तर या. बाहेर नेऊ देत नाही.

कमाटीबाग_सकाळी

मी जरा वेगळं बोलतो. तुम्हाला माउस आवडलं ते सिरीज म्हणून नाही, खरी घडलेली गोष्ट कोणीतरी चित्रात सांगतंय म्हणून आवडलं, तुमच्या लिहिण्यावरून तरी असंच दिसतंय. मग सगळे ५० नि ७० अंकांच्या मागे कशाला लावतायत तुम्हाला? बडोद्याचा माणूस भीमायन, म्हणजे बाबासाहेबांवरचं चित्रपुस्तक, वाचल्याशिवाय पुढे कसा काय जातो.

नवयान प्रकाशनाने २०११ला काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्यांची, परधान गोंड चित्रकार. त्यांनी चौकोन आखायलाच नकार दिला, माणसांना डब्यात कोंबायचं नाही म्हणाले. त्यामुळे पान मोकळं असतं, गोंड भिंतचित्रात असते तशी नक्षीची पट्टी वळत जाते आणि तीच प्रसंग वेगळे करते. आगगाडी सापासारखी जाते. आणि बोलण्याचे फुगे नीट बघा, जो माणूस मायेने बोलतो त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जो जातीवरून टोचून बोलतो त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एकदा हे लक्षात आलं की पुढे कोणी तोंड उघडायच्या आधी आपण फुग्याची शेपटी बघायला लागतो.

त्यात पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग आहेत, आणि निवारा म्हणजे आपलं बडोदं. १९१७ साल, बाबासाहेब कोलंबियात शिकून सयाजीरावांच्या नोकरीत रुजू व्हायला आले आणि राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून पारशांच्या सराईत राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात. संध्याकाळपर्यंत निघ म्हणाले. रात्री नऊची मुंबईची गाडी होती, तोपर्यंतचे तास त्यांनी काढले ते कमाटीबागेत. आपण जिथे पोरांना प्राणी दाखवायला नेतो तिथे. मी रोज तिथे फिरायला जातो, हे पुस्तक वाचेपर्यंत संकल्पभूमी (बाबासाहेबांच्या त्या दिवसाची आठवण असलेली जागा) म्हणजे रिक्षावाल्याला सांगायची खूण एवढंच होतं.

मुलीलाही दाखवा, पाचवीच्या मुलीला समजतं सगळं.

हे झालं की ओरिजित सेनचं रिव्हर ऑफ स्टोरीज. १९९४चं, भारतातलं पहिलं ग्राफिक नॉव्हेल त्यालाच म्हणतात. नर्मदेच्या धरणावर आहे. एकीकडे पत्रकार पोरगा आणि दुसरीकडे मळगू गायन, म्हणजे आदिवासी गायक, सृष्टी आणि नदी कशी झाली ते गाणारा, आणि दोन्हीकडची रेघसुद्धा वेगळी. केवडियाला ते धरण बघायला सहलीला सगळेच जातात, हे वाचून जा एकदा. कितीतरी वर्षं मिळत नव्हतं, २०२२ला ब्लाफ्ट प्रकाशनाने परत छापलं. धरण हवं की नको ह्यावर इथे भांडण नको, घरोघरी नळाला नर्मदेचं पाणी येतंय हे मलाही माहीत आहे, पुस्तक तरीही वाचण्यासारखं आहे.

उजवीकडून_डावीकडे

भीमायनबद्दल १००% मान्य. पण ही दोन्ही सुटी पुस्तकं झाली ना सर, ते सिरीज विचारतायत.

कमाटीबाग_सकाळी

शनिवार-रविवारी दोन्ही संपतील, सोमवारपासून तुमचा डॉक्टर आहेच. कपाटात जागाही कमी जाईल, वहिनी खूश.

रावपुऱ्यातला_वाचक

वा मंडळी, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. भीमायन त्या फाइन आर्ट्सवालीकडे निघालं, उद्या आणतेय. सागा बाद. सँडमनचा तो आठवा अंक तेवढा कुठे वाचायला मिळाला तर बघेन, नाहीतर राहू दे. बोनचा रंगीत पहिला भाग मुलीच्या वाढदिवसाला, सध्या तिला सांगायचं नाही. मॉन्स्टर मात्र टॅबवर नको, कागदावरच घेईन म्हणतोय, पण १८ भाग ठेवायचे कुठे हा प्रश्न आहेच. आणि काका, खरंच येऊ का, रविवारी सकाळी?

मांजलपूरची_मुक्ता

मॉन्स्टर घेताना परफेक्ट एडिशन बघून घ्या, त्यात दोन-दोन भाग एकत्र बांधलेत, म्हणजे १८चे ९ होतात. आणि ऑनलाइन मागवलंत तर डबा उघडतानाच कोपरे तपासा, माझ्या तिसऱ्या भागाचा कोपरा दुमडून आला होता आणि परत करायची मुदत गेल्यावर लक्षात आलं.

वेताळभक्त६४

रविवारी दहानंतर या. शेव-उसळ घेऊन या, पण खाऊन, हात धुवून मगच अंकांना हात लावायचा.